तीन किलोमीटरवरचं धुराडं

आमच्या विमानतळावरच्या हवामान कक्षात एक चांगली पितळी दुर्बीण कपाटात धूळ खात पडली होती. तिची गरजच पडत नसे, कारण दुर्बीणकाका होते. हे नाव त्यांना कोणी ठेवलं कोण जाणे, मी नोकरीला लागले तेव्हा दारावरच्या पाटीपेक्षा तेच चालायचं. लग्नाच्या फोटोतसुद्धा काका फोटोवाल्याच्या डोक्यावरून ढगांकडे बघतायत. काकू तो फोटो आल्यागेल्याला दाखवायच्या आणि म्हणायच्या, माझ्याकडे बघायला यांना सवड कधी झाली ते विचारा.

विमानतळ लहान होता, दिवसाला चार विमानं, शनिवार-रविवारी तीही नाहीत. दर अर्ध्या तासाने गच्चीवर जायचं आणि ठरलेल्या खुणा बघायच्या. पाण्याची टाकी आठशे मीटरवर, शाळेचं लाल छप्पर दीड किलोमीटरवर, बंद पडलेल्या कारखान्याचं धुराडं तीन किलोमीटरवर. सगळ्यात लांबची जी खूण दिसेल, तेवढी दृश्यता. ती वहीत लिहायची, सही करायची आणि वर टॉवरला कळवायची. टॉवर ती वैमानिकाला सांगणार, आणि तो त्या भरवशावर विमान खाली आणणार. हेच मोजणारं एक यंत्र धावपट्टीच्या कडेला होतं, पण ते चार महिने दुरुस्तीवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं.

पहिल्याच दिवशी मी हुशारी दाखवायला सगळी अंतरं पाठ करून गेले होते. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिसतं तेवढंच लिहायचं. माहीत असतं ते लिहायचं नाही." पुढे हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं, की मी त्यांच्या पाठीमागे त्यांचीच नक्कल करून दाखवायचे.

तेहेतीस वर्षांत त्यांच्या नोंदींत एकही खाडाखोड नव्हती. चौदा महिन्यांनी निवृत्ती होती, आणि वही तशीच स्वच्छ माझ्या हातात द्यायची एवढी एकच हौस त्यांना उरली होती.

गेलं वर्षभर मात्र ते मला जरा चीड येईल असंच वागत. गच्चीवर जाऊन येत, आकडा सांगत आणि लिहायला मला बसवत. मला वाटे, साहेबी चढली. मनातल्या मनात मी त्यांना बरंच काही सुनावलंय. डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता, समोर बघावं तर नेमकं मधलंच पुसट होई, हे मला फार उशिरा कळलं. वार्षिक तपासणीत त्यांनी अक्षरांचा तक्ता पाठ म्हणून दाखवला होता. घरी वर्तमानपत्र काकू मोठ्याने वाचत, आणि त्यांनीही कुणाला पत्ता लागू दिला नाही.

तो मंगळवार होता. सकाळी धुकं होतं. काका वर जाऊन आले आणि म्हणाले, "धुराडं अंधुक. तीन किलोमीटर." मी लिहिलं, त्यांनी सही केली. साडेआठचं विमान खाली आलं, धावपट्टी दिसेना म्हणून वर गेलं, फिरून पुन्हा आलं. दुसऱ्या वेळी धावपट्टी एकदम समोर आली आणि विमान तिरकं टेकलं. उजवं चाक चिखलात रुतलं. कुणाला खरचटलंही नाही, पण आतल्या माणसांचं रडणं आम्हाला खिडकीतून ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने वैमानिक जिना चढून आला. तीन किलोमीटर कुणी मोजले, असं त्याने विचारलं. काका उभे राहिले. मीच, म्हणाले, धुराडं दिसत होतं.

टॉवरवरचा नियंत्रक त्याच्या मागोमाग आला होता. त्याच्या घरची वाट त्या कारखान्यावरूनच जाते. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, धुराडं रविवारी पाडलं."

काका खाली बसले. वैमानिक निघून गेला. मग काकांनी वही उघडायला लावली आणि आपल्या ओळीवर माझं बोट ठेवायला सांगितलं. बोटाच्या आधाराने त्यांनी ती ओळ खोडली आणि बाजूला सही केली. तेहेतीस वर्षांतली पहिली खाडाखोड.

"आता कालचं वाच," ते म्हणाले.

सोमवारी ते दुपारी लवकर घरी गेले होते. दुपारच्या चार नोंदी माझ्या अक्षरात होत्या, खाली माझी सही. हवा स्वच्छ होती. मी चारही वेळा गच्चीवर गेले होते, फोनवर बोलत फेऱ्या मारल्या होत्या आणि खाली येऊन सकाळची ओळ उतरवली होती. मला वाचावं लागलं. धुराडं स्पष्ट. धुराडं स्पष्ट. धुराडं स्पष्ट. चौथी ओळ न वाचताच मी वही मिटली.



चौकशीत त्यांनी सांगितलं की सोमवारच्या दुपारच्या नोंदीही त्यांनीच जाताना सांगून ठेवल्या होत्या, या मुलीने फक्त लिहिल्या. मी मान खाली घालून बसले. नाही म्हणायला तोंड होतं मला, पण मी ते उघडलं नाही, आणि त्याची लाज मला रोज वाटते. त्यांना त्याच महिन्यात घरी बसवलं. माझी नोकरी राहिली.

शेवटच्या दिवशी निरोप वगैरे काही झाला नाही. ते म्हणाले, चल, वर जाऊ. गच्चीवर कठड्याला टेकून त्यांनी विचारलं, तिकडे काय दिसतंय. मी नीट बघितलं. टाकी, शाळेचं छप्पर, आणि पुढे धुराड्याच्या जागी नुसतं आभाळ. तसं मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला तो सहन झाला नाही. "सोमवारी बघितलं असतंस, तर मला सांगितलं असतंस," ते म्हणाले.

मग आम्ही खाली उतरलो. मी हात पुढे केला होता, तो त्यांनी धरला नाही. पायऱ्या त्यांना पाठ होत्या.