गोधडीतलं पिल्लू

आई गेल्यावर वडिलांचं बोलणं तुटलं. जेवा म्हटलं की जेवायचे, बस. घरात कुत्रं आलं तर माणूस जरा हलेल, म्हणून मी बाजारातल्या पिंजऱ्यातून लॅब्रेडॉरचं पिल्लू उचलून आणलं. ना त्याची आई पाहिली, ना लसीचं कार्ड. मावशीनं आईच्या लुगड्यांची गोधडी शिवून दिली होती, तिच्यात वडिलांनी ते गुंडाळलं आणि कितीतरी महिन्यांनी हसले. चौथ्या दिवशी पिल्लाला रक्ताची हगवण लागली. पाचव्या दिवशी ते त्याच गोधडीत गेलं.

"पार्व्हो. कुत्र्यांचा संसर्गाचा रोग," जनावरांचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. "अंथरूण जाळून टाका. साध्या धुण्यानं याचे विषाणू जात नाहीत. वर्षभर दुसरं पिल्लू आणू नका."

मी मान डोलावली. पण आईला एकदा अग्नी दिला होता. तिची लुगडीही जाळायला हात धजेना. गोधडी फिनेलमध्ये बुडवली, सिडकोतल्या आमच्या गच्चीवर आठवडाभर वाळवली आणि कपाटात ठेवली. वडिलांना यातलं काहीच सांगितलं नाही.

ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. चारच महिन्यांत मी दुसरं पिल्लू शोधायला निघालो. दुधानं तोंड पोळलं होतं, म्हणून ताक फुंकायला दौलताबादजवळ शेतात लॅब्रेडॉर पाळणाऱ्या एका ताईंकडे गेलो. बाई चोख. आधी पिल्लांची आई दाखवली, मग तिच्या तपासण्यांचे कागद. दोन महिने पुरे झाल्याशिवाय पिल्लू द्यायचं नाही म्हणजे नाही. मला तीन खेपा घालायला लावल्या.

"याच्या आधी घरात कुत्रं दगावलंय का?" त्यांनी विचारलं. "असंल तर सांगा, दादा. थांबू आपण. पिल्लू कुठं पळून जात नाय."

"नाही, पहिल्यांदाच पाळतोय," मी म्हणालो. इतकं सहज खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

घरी येताच वडिलांनी कपाटातून गोधडी काढली. मी दारातच उभा राहिलो. धुतलीय की, असं मनाशी म्हटलं. खरं तर ते हसत होते आणि ते हसू मला मोडायचं नव्हतं. आठव्या दिवशी पिल्लानं अन्नपाणी सोडलं. दहाव्या दिवशी त्याला आम्ही पुरलं.

ताई दर रविवारी खुशाली विचारायच्या. त्या रविवारी पिल्लू गेल्याचं त्यांना सांगितलं.

"माझ्याकडूनच आलं असंल," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "बाकीची पिल्लं नेलेल्यांना फोन करते. दादा, तुमच्याकडं आधी खरंच कुत्रं नव्हतं ना?"

वडील समोरच बसले होते, मांडीवर गोधडी घेऊन. खरं बोललो असतो तर पिल्लू कशानं मेलं ते त्यांनाही कळलं असतं.

"नव्हतं," मी म्हणालो आणि फोन ठेवला. मला माझीच किळस आली.

"फसवलं त्या बाईनं आपल्याला," वडील म्हणाले. मग गोधडीची नीट घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली. "धुऊन ठेव. पुढच्या पिल्लाला व्हईल."

मी ती धुतली. अजून कपाटातच आहे.