दामूच्या भाषणाची चार पानं

दामू गेल्याचा फोन आला तो अहेरीहून, पोचन्नाचा. "भाऊ, तुमचा दामू गेला. काल माती देल्ली," एवढंच तो बोलला. पोचन्ना लाकडाच्या डेपोवर कामाला होता. तो आणि दामू चाळीसेक वर्षं एका घरात राहिले. कोणी विचारलं की मी "दोस्त आहेत" म्हणून मोकळा व्हायचो...

चिमूरकडचा दामू आणि राजुऱ्याकडचा मी पन्नासच्या दशकात चांद्याच्या कॉलेजात शिकायला आलो आणि एका खोलीत राहिलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. त्याचा मला ताठा होता, आजही आहे. दामू गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, बाईचं काम करायचा आणि त्याच्यासाठी शेजारच्या गावांतून बैलबंड्या यायच्या. कॉलेजात मात्र त्याच्या त्याच चालण्याबोलण्याची पोरं टर उडवायची. एकदा भात शिजवता शिजवता तो म्हणाला, "मले पोरीत जीव लागत नाई गा, पोरात लागते. लुगडं नेसलो तं लोक टाळ्या पिटतेत, सोडलं का हासतेत. काऊन?" तेव्हा या गोष्टीला आमच्याजवळ शब्द नव्हते. होत्या त्या शिव्या. मी चूल फुंकत राहिलो. "माह्यासारखे अजून असतीन," तो म्हणाला. "कोणी तरी उभं राहून बोललं पायजे."

त्या वर्षी गॅदरिंगचा चिटणीस मी होतो. दामूनं माझ्याकडे भाषणाला दहा मिनिटं मागितली. विषय आम्ही पत्रिकेत 'माणूस आणि हसू' असा घातला, म्हणजे प्राध्यापक अडवणार नाहीत. "तू बाजूले उभा राह्य फक्त," तो म्हणाला. मी हो म्हटलं.

भाषणांच्या आधी फिशपॉण्ड असायचे. कोणीही निनावी चिठ्ठी डब्यात टाकायची, चिटणीसानं निवडून स्टेजवरून वाचायची, आणि ज्याच्यावर असेल त्यानं हसत उभं राहायचं, हा रिवाज. सकाळी मी डबा उघडला. दामूवर बऱ्याच चिठ्ठ्या होत्या. तीन चिठ्ठ्यांत माझंही नाव होतं, 'एका खोलीतलं जोडपं' म्हणून. त्या तीन मी फाडून खिशात घातल्या. बाकीच्याही फाडता आल्या असत्या. अधिकार माझाच होता. पण मग पोरं म्हणतील, चिटणीस याला झाकतो, म्हणजे नक्कीच काही तरी आहे. म्हणून ठेवल्या. नुसत्या ठेवल्या नाहीत, वाचल्या. शेवटची तर बाईचा आवाज काढून. दामू प्रत्येक चिठ्ठीला रिवाजाप्रमाणे उभा राहिला, प्रत्येक वेळी हसला.

मग भाषणाला त्याचं नाव पुकारलं, तेही मीच. तो कागद घेऊन वर आला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरची बक्षिसं लावल्यासारखं करत दूर सरकलो. मागून कोणी तरी विचारलं, "बाई, लुगडं कुठी ठेवलं?" सगळा हॉल हसत होता. दामूनं कागदांची घडी केली, सभेला नमस्कार केला आणि खाली उतरला. "वेळेअभावी भाषण रद्द," असं मी जाहीर केलं. आठवड्याभरात तो कॉलेज सोडून गेला. डिग्री एकट्या माझ्या घरी आली.

पुढे अहेरीत तो नाटकवाल्यांचे कपडे शिवायचा. मी तीन-चारदा गेलो. "ये गा चिटणीस, बस," म्हणून चहा पाजायचा. त्या दिवसाबद्दल तो बोलला नाही. मला तर बोलायचं तोंडच नव्हतं...

मागल्या पंधरवड्यात अहेरीला गेलो. दामूचं शिलाई मशीन खिडकीपाशी तसंच आहे, सुईत हिरवा दोरा ओवलेला. पोचन्नानं मशीनच्या खणातून पिवळी पडलेली चार पानं काढली. "मले वाचता येत नाई भाऊ. त्याले म्हणो, तूच वाचून दाखव. तं म्हणे, चिटणीस वाचून दाखवन कधी तरी."

मी खाटेवर बसून चष्मा लावला. पहिली ओळ होती, 'अध्यक्ष महाराज, गुरुजन, आणि इथं माझ्या बाजूला उभा असलेला माझा मित्र...'

मी थांबलो. पोचन्ना वाट पाहत होता. "वाचा ना भाऊ," तो म्हणाला.

मी उठलो, मशीनच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.