मेंदूपर्यंत पोचलेला आवाज

बाबांच्या कपाळाला वायर चिकटेना. "तेल लावून आणू नका म्हटलं होतं ना?" तपासणारी मुलगी करवादली. दवाखान्यात बाबा नीटनेटके दिसावेत म्हणून दादाने सकाळी त्यांच्या डोक्यावर खोबरेल थापलं होतं. तिने कापसाने खसाखसा कपाळ पुसलं, वायरी चिकटवल्या आणि त्यांच्या कानांत टकटक सोडली. बाबा डोळे मिटून पडून राहिले. पडद्यावर मात्र त्या आवाजाची बारीक लाट उठत होती.

"आवाज मेंदूपर्यंत व्यवस्थित पोचतोय," ती म्हणाली. "यांना सगळं ऐकू येतं."

चार वर्षं बाबा हाकेला ओ देत नव्हते. ते बहिरे झाले असं धरून, त्यांना कोणी किती दिवस ठेवून घ्यायचं यावरून आम्ही दोघे भाऊ त्यांच्या उशाशीच भांडत होतो. तेव्हा आत केवढ्या लाटा उठल्या असतील? त्या मोजणारं यंत्र अजून निघालं नाही, हे आमचं नशीब.

परतताना रिक्षात दादा माझ्याकडे वाकून पहिल्यांदाच कुजबुजला, "मग पुढचा महिना कुणाकडे?"

आमच्या मधे बसलेल्या बाबांनी मान जरा मागे घेतली, आम्हाला बोलायला सोयीचं व्हावं म्हणून.