भरल्या विहिरीचा उणे आकडा

मंदा आकड्यांशी भांडायची. चहा निवून जायचा आणि ही ओटीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन पडद्याला दरडावायची, "खोटं बोलू नको. विहीर मी डोळ्यांनी बघितली हाय." मी तिचा नवरा, चौथी नापास. मला ते भांडण अर्धवट झोपेत ऐकल्यासारखं वाटायचं.

बोईसरच्या कारखान्यात मीटर तपासण्यात तिची उमर गेली. प्रोग्राम लिहायला तिथंच शिकली. नोकरी सुटल्यावर तिनं आमच्या माकुणसारच्या वाडीसाठी एक खोकं बनवलं. इथं समुद्र जवळ. विहीर जास्त उपसली की तळातून खारं पाणी शिरतं, मग पानवेली गेल्याच समजा. खोक्यानं पाणी मोजायचं आणि कमी झालं की पंप बंद करायचा.

पण झालं भलतंच. विहीर तुडुंब भरली की आकडा उणे! खोक्याला वाटे विहीर कोरडी, पंप सुरूच होईना. वेलींनी माना टाकल्या. मी म्हटलं, "फेक ते. पंप डायरेक जोडतो."

"जोडा! मंग वाडीत पानं नको, मीठच पिकवा."

आमच्याकडे पंखा बिघडला तरी खाऱ्या हवेवर ढकलतात. तिनंही तेच केलं. तारांचे सांधे घासले, तारा बदलल्या. आकडा उणेच.

एका सकाळी तिनं मला विहिरीच्या काठावर उभं केलं. पाणी मोजणारा गोळा तारेला बांधून माझ्या हातात. धुकं सुपारीत अडकलेलं. ओटी दिसत नव्हती, नुसता तिचा आवाज येत होता. "सोडा... सावकाश... अहो, विहीर हाय ती, पळून नाय जात!" गोळा पाण्यात खोल जाई तसा आवाज आकडे बोलत चढत गेला. तीस हजार. एकतीस. बत्तीस. मग एकदम उणे बत्तीस.

"काय झालं गं?"

"उलटला! मी आधी गुणते, मंग भागते. गुणतानाच आकडा फुगतो. त्याला दिलेली जागा लहान, बत्तीस हजारांवर मावत नाय. ओतू जातो आणि उणेत पडतो."

"मग आता?"

"आता काय, मोठी जागा द्यायची."

तिनं प्रोग्राममधला एक शब्द बदलला. पंप घरघरला. ती धुक्यातून हसत आली, पदर दवानं भिजलेला. ती तशीच मला अजून दिसते.

यंदा उन्हाळ्यात ती पालघरच्या दवाखान्यात होती. मी सकाळी पाणी लावून गेलो. तिला बोलवत नव्हतं, तरी विचारलं, "पंप?"

"चालू हाय."

"वाडीत कोण?"

"कोणी नाय. खोकं थांबवेल."

तिनं खाटेची कड थोपटली. "मंग बसा की."

मी बसलो. घाई नव्हती. दिवे लागायच्या वेळी ती गेली.

तिला पोचवून वाडीत आलो. पंप थांबलेला होता. पोहरा सोडला, ओंजळभर पाणी प्यालो. गोड होतं.