हात मोकळा न्हाय

फोन सासूबाईंचा होता. कागलच्या आमच्या पतसंस्थेत दुपारची गर्दी ओसरली होती आणि मी डबा उघडायच्या बेतात होते. "वैशाली, घरला ये. ह्ये उठंनात," एवढंच त्या म्हणाल्या. आवाज जराही चढलेला नव्हता. कागलहून कसबा बावड्यापर्यंत मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की सोप्यात कॉटवर आबा कुशीवर निजले होते, टोपी उशाशी घडी करून ठेवलेली, आणि चेहरा पोटभर जेवून पडलेल्या माणसाचा. सकाळी दूधसंस्थेत दूध घालून आले होते, म्हशींना वैरण टाकली होती, दुपारी वांग्याच्या भाजीबरोबर दीड भाकरी खाल्ली, "जरा पडतो" म्हणाले... आणि गेले. वय पंच्याहत्तरीच्या पुढचं. भेटायला येणारा जो तो म्हणत होता, मरण यावं तर असं. तेव्हा ते ऐकवत नव्हतं. आता दीड-दोन महिन्यांनी पटतं. पण मला लिहायचंय ते आबांच्या मरणाबद्दल नाही. आमचे आबा लोकरीचं विणकाम करायचे, आणि ते पुस्तकात बघून शिकले होते, त्याबद्दल लिहायचंय.

आबा म्हणजे माझे सासरे. उभी हयात साखर कारखान्यात फिटर म्हणून गेली. निवृत्तीनंतर दोन म्हशी, थोडा ऊस आणि गल्लीतल्या कट्ट्यावरची बैठक. आवाज असा, की दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाला त्यांचा निरोप फोनशिवाय पोचायचा. माझ्याशी मात्र ते बोलत नसत. राग नव्हता, रीत होती. मी जेवायला वाढत असले तरी ते सासूबाईंकडे बघून म्हणायचे, "तिला म्हणावं आमटीत मीठ कमी हाय." सासूबाई मग माझ्याकडे वळून तेच सांगायच्या, आणि दोन हातांवर उभी असलेली मी ते नव्यानं ऐकल्यासारखं मीठ आणायला जायची. माझं माहेर इचलकरंजीचं, तिकडे असलं काही नव्हतं. पहिली काही वर्षं हसू यायचं, पुढे सवय झाली.

आबा डावखुरे होते. लहानपणी शाळेत त्यावरून मार खाऊन खाऊन ते सही तेवढी उजव्या हातानं करायला शिकले. बाकी सगळं डाव्या हातानं. तंबाखूसुद्धा. उजव्या तळव्यावर तंबाखू आणि चुना, वर डावा अंगठा, असं दिवसभर चाललेलं असायचं. बोलताना, बातम्या बघताना, धार काढायला जाता जातासुद्धा. त्यांच्या शर्टाच्या खिशातली चंची मी कधी रिकामी बघितली नाही. मग एका उन्हाळ्यात त्यांना तिखट लागेना. लागेना म्हणजे सोसेना. तोंडाची आग व्हायची. माझे यजमान शिरोलीच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला असायचे, म्हणून राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडे आबांना न्यायचं काम माझ्याकडे आलं. सहा फुटी सासरे सुनेच्या स्कूटरवर मागे बसलेत, दोन्ही हातांनी मागचा दांडा घट्ट धरलाय... गल्लीला आठवडाभर पुरेल एवढा विषय झाला.

गालाच्या आतून पांढरा चट्टा होता. तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. कॅन्सर नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मात्र आबांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "आज तंबाखू सोडलीत तर हा चट्टा जाईल. नाही सोडलीत, तर पुढच्या वेळी मी काय सांगेन ते मला आत्ता सांगता येत नाही." येताना आबा मागे दांडा धरून बसले होते. एका चौकाजवळ मला त्यांचा आवाज आला, "गाडी जरा थांबली तर बरं हुईल." आम्ही दोघंच होतो, तरी त्यांनी ते मला न सांगता गाडीला सांगितलं. मी थांबवली. ते उतरले, कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात चंची टाकली, चुन्याची डबी टाकली, आणि परत येऊन बसले.

टाकणं सोपं होतं. पुढचे दिवस वाईट गेले. तोंडात लवंग, बडीशेप, काय काय दिलं, पण खरी तलफ हातांना होती. हात स्वस्थ बसेनात. त्यांनी शेंगा फोडून फोडून पोतं संपवलं. वर्तमानपत्राच्या कडा फाडल्या, कॉटची पट्टी उसवली, रिमोटची बटणं उपटली. चिडचिड तर इतकी, की म्हशीसुद्धा त्यांना बघून मागे सरायच्या. सासूबाई मला म्हणाल्या, "ह्यांच्या हाताला कायतरी दे बाई. न्हायतर एक दिवस ही भिंत उकरतील."

मी काही दिलं नाही. त्यांनीच काढलं. मुलीच्या वेळी दिवस असताना मी हौसेनं विणकामाचं एक पुस्तक आणलं होतं, अगदी नवशिक्यांसाठीचं, चित्रंबित्रं असलेलं. बरोबर दोन सुया आणि हिरव्या लोकरीचे गुंडे. चार पानांपलीकडे मी गेले नव्हते. आबा माळ्यावर वैरणीची दोरी शोधायला चढले, आणि उतरले ते ही पिशवी घेऊन. सोप्यात बसून पान पान उलटत राहिले. फिटर माणूस, चित्रावरून जोडणी करायची सवय हातात मुरलेली. संध्याकाळी मी कामावरून आले, तर लोकरीची गाठ मांडीवर, सुया हातात, कपाळावर घाम. चित्रातला हात उजवा होता आणि आबांचा डावा. बघावं तसं करायला जावं, तर सगळं अंगाशी उलटं यायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढीचा आरसा आणून खुर्चीवर उभा केला आणि पुस्तक त्याच्यासमोर धरलं. आरशातलं चित्र डावखुरं झालं. माणूस खूश. पण अक्षरंही उलटी झाली, ती वाचता येईनात. मी चहा ठेवून वळले तेवढ्यात मागून आवाज आला. "चित्र मी बघतो. तू वाच."

तू. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. मी आजूबाजूला बघितलं, दुसरं कुणी नव्हतं. मग मी खाली बसले आणि वाचायला लागले. पुस्तकात उजवी सुई असेल तिथं मी डावी म्हणायचं, डावी असेल तिथं उजवी. एखाद्या वेळी चुकायची. आबा थांबायचे, आरशात बघायचे, म्हणायचे, "हे बसंना झालंय. परत वाच की." सुलट टाका आला. मग उलट आला. टाका निसटून खालपर्यंत धागा गेला की ते काहीतरी पुटपुटायचे, मग माझ्याकडे बघून तो शब्द गिळायचे. रोज दिवेलागणीला तासभर असं चालायचं. माझा डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर उतरला ते मलाही कळलं नाही, आणि त्यांनाही खटकलं नाही.

पहिला मफलर पूर्ण झाला तेव्हा तो मफलर राहिला नव्हता. ओळीच्या शेवटी कुठून तरी एखादा टाका वाढायचा, ते आम्हां दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. एका टोकाला वीतभर आणि दुसऱ्या टोकाला हातभर, असं ते हिरवं प्रकरण झालं होतं. उसवून परत करा, असं मी म्हणाले. आबा म्हणाले, "पहिलं हाय. ऱ्हाऊ दे." आणि दुसऱ्या दिवशी ते गळ्यात घालून दूध घालायला गेले. रांगेत भूपाल अण्णा होते. अण्णा म्हणजे समोरचे शेतकरी, जैन, आबांचे शाळेपासूनचे दोस्त, आणि तंबाखूचेही भागीदार. अण्णांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रं हे? मफलर हाय का म्हशीची झूल?"

"मफलर हाय," आबा म्हणाले. "जरा वाढलाय."

संस्था हसली. मग रोज काही ना काही निघायचं. आबांनी घरी कधी सांगितलं नाही, पण गल्लीत असलं लपत नाही. मला वाटलं, आता सुया परत माळ्यावर जाणार. त्यांनी उलट विणकाम कट्ट्यावर नेलं. घरात बसून केलं असतं तर दोन दिवसांत लोक विसरले असते. पण तंबाखूची खरी जागा कट्टा होती, आणि हातांना तिथंच काम हवं होतं, हे त्यांना ठाऊक असावं. एका संध्याकाळी मी दारात तांदूळ निवडत होते. अण्णांनी चंची सोडली, मळली, आणि नेहमीच्या सवयीनं तळवा आबांपुढे धरला. "घे. एवढ्याश्यानं काय हुतंय?" आबांनी बघितलं. त्यांचा जबडा हललेला मला दारातून दिसला. मी निवडायची थांबले. दोन्ही सुया गच्च धरून ते म्हणाले, "हात मोकळा न्हाय, भूपाल."

अण्णांचा तळवा थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी ती चिमूट स्वतःच्या तोंडात टाकली आणि पावसापाण्याचं बोलायला लागले. अण्णांची तंबाखू काही सुटली नाही. पण त्या दिवसानंतर आबांशेजारी बसून चंची काढणं त्यांनी बंद केलं, आणि मफलरवरची थट्टाही थांबली. पुढच्या थंडीत अण्णांच्या गळ्यात तांबडा मफलर दिसला, दोन्ही टोकं सारखी. मागून घेतला की आबांनी आपण होऊन दिला, हे दोघांनीही कधी सांगितलं नाही.

चट्टा हळूहळू फिका होत गेला, आणि एका तपासणीत डॉक्टरीणबाईंना तो सापडेचना. "कशी सोडलीत हो?" त्यांनी कौतुकानं विचारलं. आबा म्हणाले, "सुनबाईनं वाचून सोडवली." त्या काय समजल्या देव जाणे.

वाचणं संपलं तरी आमची संध्याकाळची बैठक सुटली नाही. आता ते विणायचे आणि आम्ही बोलायचो. कारखान्यातल्या गोष्टी, त्यांच्या आईच्या, माझ्या ऑफिसातल्या. मला कागल शाखेचं व्यवस्थापकपद मिळत होतं तेव्हा घरात जरा खळखळ होती. लांब पडतं, मुलीची शाळा, यायला उशीर. यजमान हो-नाही करत होते. आबांनी ओळ पूर्ण केली, सुया खाली ठेवल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जा की. पोरीला शाळंतनं मी आणतो. म्हातारी हाय, मी हाय, म्हशी हायत. घर काय पळून चाललंय?" सासूबाई 'म्हातारी'वरून त्यांच्याशी भांडल्या, आणि मी कागलला गेले.

त्या हिवाळ्यात त्यांनी राखाडी रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर घातला होता सुईवर. पुस्तकाच्या शेवटच्या भागातला, पुरुषांचा, पुढून बटणांचा. लेकासाठी, असं जाहीर झालं होतं. पूर्ण झाल्यावर यजमानांनी घालून बघितला तर बटणं उलट्या बाजूला. डाव्या हातानं विणल्यामुळं सगळं फिरून तो बायकांचा स्वेटर झाला होता. शिवाय खांद्यातही आखूड. आबांनी तो निरखून बघितला. "लेकाचा करायला गेलो, सुनंचा झाला," ते म्हणाले, "सकाळी हायवेला गार लागत असंल. घाल तूच." मला तो नेमका बसला. आतापर्यंत एवढे मफलर-टोप्या केलेल्या माणसाला लेकाचा खांदा मोजता आला नसेल, हे मला खरं वाटत नाही. पण मी विचारलं नाही. सासूबाई मात्र स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होत्या, त्या अर्थी माझं माप कुणी दिलं ते कळण्यासारखं होतं.

उत्तरकार्य झालं, पाहुणे गेले. सोप्यात पश्चिमेकडे एक खिडकी आहे. संध्याकाळी टाके दिसावेत म्हणून आबांना तिची दोन्ही दारं सताड उघडी लागायची. डास येतात अशी कुरकुर करत सासूबाई रोज ती उघडायच्या. आता सांगणारं कुणी नाही, तरी चहा झाला की त्या उठतात, कडी काढतात, दारं भिंतीला टेकवून ठेवतात आणि आत जातात. परवा रविवारी मी तिथं बसले होते, तर भूपाल अण्णा आले. बरेच दिवस आले नव्हते. पिशवीतून त्यांनी तांबडा मफलर काढला. खिळ्याला अडकून एक टाका निसटला होता, बोटभर धागा खाली गेला होता. "हे पुढं उसवत जाईल व्हय गं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "नाही अण्णा, लगेच धरला तर थांबतं. बसा." ते आबांच्या कॉटवर टेकले. मी आकड्याची सुई शोधली आणि खिडकीकडे सरकले. खालून एकेक धागा उचलत टाका वर आणायला वेळ लागतो. अण्णा दुधाच्या फॅटबद्दल बोलत राहिले, सासूबाईंनी आत न विचारता चहा केला, तीनऐवजी चार कप भरले, मग एक परत किटलीत ओतला. डास यायला लागले होते. दारं कुणी लावली नाहीत. अजून चांगला उजेड होता.