खाजणातलं गाऱ्हाणं

"फाईल खंय पोचली गो?"

मी चपला काढायच्या आत बाबांचा हा प्रश्न यायचा. रोज म्हणजे रोज. आम्ही तेव्हा घाटकोपरला एका खोलीत राहत होतो. मी सरकारी कचेरीत ट्रेसर होते, साहेबांचे नकाशे ट्रेसिंगच्या कागदावर शाईने उतरवायचे. बाबा गिरणीतले फिटर. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एक जुनं लेथ मशीन मिळवलं होतं आणि ते गोणपाटात गुंडाळून आमच्या पलंगाला खेटून उभं होतं. रात्री कूस बदलली की गुडघा त्याच्यावर आपटायचा.

मानखुर्दच्या खाडीकाठच्या खाजणात सरकार लहान कारखानदारांना प्लॉट देत होतं, त्यातला एक बाबांच्या नावावर लागला होता. पण प्लॉट कसला, नुसता चिखल! त्यात भराव घालून, रोलर फिरवून, रस्ता-गटार करून द्यायला अनुदान मिळणार होतं, आणि त्या सगळ्या प्लॉटांची मिळून एक फाईल आमच्याच कचेरीत होती. मार्च संपायच्या आत मंजुरी आली नाही, तर त्या वर्षीचं अनुदान बुडालं. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर सरकायची, पुन्हा मागे यायची. माझं कामात लक्ष लागत नसे. नकाशावर शाईचे डाग पडायचे, साहेब ओरडायचे, आणि घरी आले की पुन्हा तेच, फाईल खंय पोचली?

एक दिवस माझं डोकंच फिरलं. "मी काय मंत्री आहे? तुमचं तुम्ही बघा!"

बाबा टोपी घालून बाहेर निघून गेले. मी अबोला धरला. खरं सांगते, सुटले असंच वाटलं होतं मला.

तीनेक आठवड्यांनी आमचा सर्व्हेयर टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "तुझे बाबा खाजणात घमेलं घेऊन काय करतायत गं?" मग त्यानेच सगळं सांगितलं. बाबांनी गिरणीतले चार सोबती गोळा करून, कुठलं कुठलं डबर आणून आपला प्लॉट स्वतःच भरला होता. मंजुरीआधी काम सुरू केलं तर अनुदान नाही, हा नियम आमच्या शिपायालाही पाठ होता. बाबांना तो मी सांगितला नव्हता. बोलतच नव्हते ना मी!

"मी काही लिहीत नाही," सर्व्हेयर म्हणाला. "तिथली जमीन अशीही उंचसखल आहे, साहेबांना कळायचं नाही. फक्त त्यांना तोंड बंद ठेवायला सांग, नाहीतर वाट लागली."

मी घरी जाऊन हात जोडले. "बाबा, पाहणीला साहेब येतील तेव्हा त्यांच्याशी एक अक्षर बोलू नका."

"बरा," बाबा म्हणाले.

पाहणीच्या दिवशी मी नकाशांची गुंडाळी धरून साहेबांच्या मागे उभी होते. साहेब रांगेतला एकेक प्लॉट बघत बाबांच्या प्लॉटवरून तसेच पुढे गेले. मी गुंडाळी काखेत मारली. तेवढ्यात रांगेतल्या प्लॉटवाल्यांनी नारळ काढला. बरेचसे आमच्याच कोकणातले. साहेबांचे पाय लागलेत, जागेवाल्या देवाला गाऱ्हाणं घालूया म्हणाले, आणि वयाने मोठे म्हणून बाबांना पुढे केलं.

बाबांनी टोपी नीट केली, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! ह्या जागेच्या धन्या! ही जागा मी माज्या हातान भरलंय, तीन आयतार, चार सोबत्यांका घेवन. तुका इचारूक नाय, काय चुकला असात तर माफ कर..."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात ओरडले.

साहेब मागे वळले. त्यांनी सर्व्हेयरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि खिशातून पेन काढलं.

परतताना मी रस्त्यातच बाबांवर ओरडले, "का बोललात? सांगितलं होतं ना मी?"

"साहेबाशी मी बोलूक नाय," बाबा म्हणाले. "जागेवाल्याशी खोटा कसा बोलतलंय गो?"

मंजुरी मार्चमध्येच आली, बाबांचा प्लॉट सोडून. नकाशा मीच दुरुस्त केला. ट्रेसिंगवरची शाई खोडरबराने जात नाही, दाढीच्या पात्याने खरवडावी लागते. त्या चौकोनातल्या रेषा मी एकेक करून खरवडल्या, कागद फाटू न देता.

संध्याकाळी घरी आले. मुद्दाम सावकाश चपला काढल्या. बाबा लेथच्या गोणपाटावर हात ठेवून बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही. मी थांबले, तरी नाही. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, फाईल मंजूर झाली."

"बरा झाला," ते म्हणाले. "बाकीच्यांचा काम होतला."