नेऱ्याच्या शेठ

आमच्या शेठ बाई होत्या. नेरे गावात त्यांना कुणी काकू म्हणत नसे, शेठाणी तर नाहीच. भात घेऊन येणारे शेतकरी, गिरणीवाला, हमाल, सगळ्यांच्या तोंडी 'शेठ आल्या', 'शेठ बोलावतायत' असंच असे. तांदळाचा एक दाणा दाढेखाली धरून त्या भात किती वाळलं होतं आणि गिरणीत किती घाई झाली, ते सांगायच्या. समोरचा वाद घालायला लागला की त्याच्याच हातावर चार दाणे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चाव." बहुतेक वाद तिथेच संपत.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा डोक्यानं अर्धा संन्यासी होतो. मूळचा परभणीकडचा, हिंजवडीत कंपनीत नोकरी, जांब्यात भाड्याची खोली. एक दिवस नोकरी सोडली आणि दोन वर्षं एका आश्रमात राहिलो. परत आलो ते संसार मिथ्या आहे याची खात्री करून. पण खोलीचं भाडं काही मिथ्या नव्हतं. तांदळाच्या दुकानात माणूस हवा आहे असं घरमालकांनी सांगितलं, म्हणून गेलो.

दोन वर्षं काय शिकलास, असं शेठनी विचारलं. शांत बसायला शिकलो, असं मी जरा ऐटीतच सांगितलं.

"गिऱ्हाईक यायच्या आधी कुणी बी शांत बसतंय," त्या म्हणाल्या. "आल्यावर बसता आलं पायजे. ये उद्यापासनं."

त्या दिवसापासून त्या मला 'बुवा' म्हणू लागल्या.

मला वाटायचं, व्यापार म्हणजे गोड बोलून गळ्यात माल मारणं. शेठ गोड बोलतच नसत. सोसायटीतल्या एखाद्या बाईंना पुलावासाठी तांदूळ हवा असला, की हा इंद्रायणी आहे, चिकट होतो, तुमच्या कामाचा नाही, असं सांगून त्यांना समोरच्या दुकानात पाठवत. त्या बाई पुढच्या महिन्यात रोजच्या भातासाठी शेठकडेच येत. हे मला हिशेबी डावपेच वाटायचे. तसं मी एकदा बोलूनही दाखवलं. शेठ म्हणाल्या, "तिचा पुलाव बिघडला असता ना? एवढंच हाय ते. तू कशाला खोल जातुयास?"

एकदा त्या लग्नाला गेल्या होत्या आणि एका बाहेरच्या व्यापाऱ्याचा आंबेमोहर मी उतरवून घेतला. पोतं उघडलं की वास दुकानभर पसरायचा. मी ना दाणा चावला, ना पाण्यात टाकून पाहिला. असल्या गोष्टींत मन गुंतवायचं नाही, असं माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान होतं. शेठ परतल्या, मूठभर तांदूळ धुतला आणि पातेलं माझ्या नाकाशी धरलं. सगळा वास पाण्यात उतरला होता. साध्या तांदळाला सुगंध चोळलेला होता.

तोवर बरीच पोती घरोघर गेली होती. शेठ ओरडल्या नाहीत. टेम्पो काढायला सांगितला, पुढं बसल्या, आणि नांद्यापासून जांब्यापर्यंत प्रत्येक दाराशी मला पाठवलं. चांगला तांदूळ द्यायचा, खोटा परत घ्यायचा आणि चूक माझी आहे म्हणून सांगायचं. कुणी हसलं, कुणी घालूनपाडून बोललं, एका आजोबांनी तर अर्धा तांदूळ खाऊन झाला होता तरी पूर्ण पोतं घेतलं. मी सगळं नम्रपणे ऐकून घेतलं. संध्याकाळी टेम्पोत बसलो तेव्हा मन अगदी हलकं झालं होतं.

शेठ रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "उद्यापासनं दाणा चावून घ्यायचा. आन् माफी मागताना एवढं थोर दिसायचं न्हाई."

आश्रमात मला इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

चार वर्षांनी मी शाळेत नोकरी धरली आणि कादंबरी लिहायला घेतली. देवाच्या शोधात निघालेल्या एका माणसाची. मधल्या एका भागात तो व्यापाऱ्याकडे राहतो, पैशाअडक्यात बुडतो, मग एका पहाटे कुणाला न सांगता निघून जातो. बऱ्याच वर्षांनी ज्ञानी होऊन परततो, तेव्हा तो व्यापारी रडत त्याच्या पाया पडतो. व्यापारी मी लोभी आणि बोटं भरून अंगठ्या घालणारा केला होता. तरी लिहिलेले कागद मोठ्या उमेदीनं शेठना वाचायला दिले. सातवीपर्यंत शिकलेल्या शेठनी ओळीखाली बोट धरून ते महिनाभर वाचले.

लोभाबद्दल, अंगठ्यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. फक्त विचारलं, "त्यो निघून गेला, त्या सकाळी दुकान कुणी उघडलं?"

ते मी लिहिलंच नव्हतं. आणि मग मला जे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, ते आठवलं. शेठचा नवरा तरुणपणीच एका साधूमागे निघून गेला होता आणि कधीच परतला नव्हता. त्या सकाळी दुकान त्यांनीच उघडलं होतं, सासरा दारात डोकं धरून बसलेला असताना. शेठ हा शब्द त्यानंतरचा.

मी तो सगळा भाग फाडून नव्यानं लिहिला. व्यापाऱ्याच्या जागी बाई आली. मात्र तो परत येतो ते पान जमेना. तोवर शेठ आजारी पडून नांद्याला लेकीकडे होत्या. मी उशाशी बसून वाचून दाखवलं आणि अडलो तिथं थांबलो. तो दारात उभा आहे, ती त्याला काय म्हणेल, असं विचारलं.

त्या म्हणाल्या, "हात धू. गिऱ्हाईक थांबलंय."

"एवढंच?"

"लई झालं की."

मी तेवढंच लिहिलं. महिनाभरात शेठ गेल्या. पुस्तक त्यांच्या हातात पडलं नाही.

गेल्या वर्षी एका महाविद्यालयात बोलायला गेलो होतो. एका मुलीनं उभं राहून नेमकं तेच वाक्य वाचलं आणि विचारलं, ते तुम्हाला सुचलं कसं? मी सांगितलं, ते मला सुचलेलं नाही. नेऱ्यातल्या एका तांदळाच्या व्यापारी बाईंचं आहे. आणि मी त्यांच्या दुकानात चार वर्षं कामाला होतो. हे दुसरं सांगताना माझा आवाज अभिमानानं जरा चढला. चढू दिला.